शरयूच्या माहेरी, सुसरींच्या गावी

लखनौला ताईकडे गेलं की काय काय बघायचं, हे आमच्या घरात कधीचंच ठरून गेलं आहे. पहिल्या दिवशी बडा इमामबाडा आणि भुलभुलैया, दुसऱ्या दिवशी रेसिडेन्सी, मग चिकनच्या कपड्यांसाठी अमीनाबाद, आणि कैसरबागेवरून जाताना भावोजींनी गाडीचा वेग कमी करून सांगायचं, ‘‘हे बघा, आपल्या भातखंड्यांनी १९२६ साली काढलेलं संगीताचं कॉलेज.’’ आम्हीही दर वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखी मान डोलवतो. थंडीत गेलो तर पहाटे चौकात जाऊन मक्खन मलाई खायची. तोंडात टाकताक्षणी विरघळणारा हा दुधाचा फेस उन्हाळ्यात मिळत नाही.

या यादीत जंगल नव्हतं. ते घुसलं माझ्या भाच्यामुळे. शाळेच्या सहलीत तो कुकरैलला गेला होता. कुकरैल म्हणजे लखनौच्या कडेलाच असलेलं राखीव जंगल. तिथं १९७८ साली वन खात्यानं घडियाल पुनर्वसन केंद्र सुरू केलं. घडियाल म्हणजे आपण मराठीत जिला सुसर म्हणतो ती. लांब, चिमट्यासारखं तोंड आणि त्यात सुईसारख्या दातांची रांग. सत्तरच्या दशकात देशभरात मिळून जेमतेम दोन-तीनशे सुसरी उरल्या होत्या. कातड्यासाठी शिकार, मासेमारीची जाळी, नद्यांवरची धरणं आणि अंड्यांची चोरी अशा सगळ्या बाजूंनी त्या घेरल्या गेल्या होत्या. मग १९७५ मध्ये मगर संरक्षण प्रकल्प सुरू झाला. नदीकाठची अंडी गोळा करून आणायची, उबवायची, पिल्लं सुमारे चार फुटांची होईपर्यंत सांभाळायची आणि मग नदीत सोडायची, असं कुकरैलचं काम.

‘‘मामा, सोडतात म्हणजे नेमकं कुठं सोडतात?’’ त्यानं विचारलं.

उत्तर शोधताना नाव सापडलं, कतर्नियाघाट.

बहराइच जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, नेपाळच्या सीमेला टेकून, सुमारे चारशे चौरस किलोमीटरचं हे अभयारण्य आहे. लखनौहून जंगल बघायचं म्हटलं की सगळे दुधव्याला जातात, आणि त्यात चूक काही नाही. बिली अर्जनसिंगांनी आयुष्य वेचून ज्या जंगलासाठी भांडण मांडलं, ते १९७७ साली राष्ट्रीय उद्यान झालं, आणि १९८४ मध्ये आसामातून आणलेल्या गेंड्यांनी तिथं संसार थाटला. कतर्नियाघाट त्याच दुधवा व्याघ्र प्रकल्पाचा भाग. पण तिथली खरी गंमत वाघात नाही, पाण्यात आहे.

कैलास-मानसरोवराच्या परिसरात उगम पावलेली कर्णाली नदी नेपाळातल्या चिसापानीला डोंगरातून बाहेर पडते आणि तिला दोन फाटे फुटतात. पूर्वेकडची गेरुवा, पश्चिमेकडची कौडियाला. दोघी वेगवेगळ्या वाटांनी भारतात उतरतात आणि गिरिजापुरीच्या बंधाऱ्यापाशी पुन्हा एक होतात. तिथून पुढं त्यांचं नाव घाघरा. दोन्ही नद्यांच्या मध्ये जी जमीन सापडते ती चहूबाजूंनी तोडलेली. एकीकडे गेरुवा, दुसरीकडे कौडियाला, वर नेपाळ. शिवाय गेरुवेच्या पात्रातच वाळूची लहानमोठी बेटं आहेत. त्यांवर हिवाळ्यात सुसरी ऊन खात पडतात आणि उन्हाळ्यात अंडी घालतात.

एवढं ऐकल्यावर भाच्यानं जाहीर केलं, ‘‘आपण बेटावर जायचं.’’

एक फसलेला बेत

पहिला बेत आम्ही अगदी व्यवस्थित फसवला. भाच्याला अंड्यातून बाहेर येणारी पिल्लं बघायची होती. सुसर मार्च-एप्रिलच्या सुमाराला वाळूत खड्डा करून तीस-चाळीस अंडी घालते, आणि दोन-अडीच महिन्यांनी, जूनमध्ये, पिल्लं बाहेर येतात. म्हणून जूनचा शेवटचा आठवडा धरला. शाळेला सुट्टी आणि मला रजा, दोन्ही जुळत होतं. एका ट्रॅव्हल एजंटनं ‘‘सब हो जाएगा’’ म्हणत आगाऊ पैसे घेतले. निघायच्या दोन दिवस आधी भावोजींनी सहज वन खात्याकडे चौकशी केली, तर उत्तर आलं, ‘‘उद्यान तर पंधरा जूनला बंद झालं.’’ पावसाळ्यात इथले कच्चे रस्ते चिखलात जातात, नद्या फुगतात, म्हणून नोव्हेंबरच्या सुमाराला दारं उघडतात आणि १५ जूनला बंद होतात. एजंटकडून निम्मे पैसे परत मिळाले. उरलेल्या निम्म्यांच्या बदल्यात आम्ही एक गोष्ट शिकलो. इथलं आरक्षण स्वतः करायचं, वन खात्याकडेच करायचं आणि पावती हातात आल्याशिवाय पिशवी भरायची नाही.

दुसऱ्यांदा आम्ही ताईच्या जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरून बसलो. तेव्हा लक्षात आलं, की कधी जायचं हा प्रश्न सुटला की अर्धे प्रश्न आपोआप सुटतात. डिसेंबर-जानेवारीत तराईत धुकं इतकं दाट असतं की दहा-अकरापर्यंत समोरची नदी दिसत नाही, आणि रस्त्यावर गाडी चालवणं धोक्याचं. एप्रिलनंतर वाघ पाणवठ्यावर दिसण्याची शक्यता वाढते, पण पारा चाळिशीपार जातो. आमच्याबरोबर आई येणार होती. वय अडुसष्ट, मधुमेह, दिवसातून दोनदा इन्सुलिन. तिला त्या उन्हात नेणं शक्यच नव्हतं. पिल्लांच्या हट्टावर ताईनं तोडगा काढला. ‘‘पिल्लं काय, कुकरैलला बघू की. हौदातली पिल्लं इथं आणि नदीतल्या आया तिथं.’’ फेब्रुवारीचा दुसरा आठवडा ठरला. धुकं विरलेलं असतं, ऊन कोवळं असतं आणि पाणी गार असल्यामुळे सुसरींना ऊन खायला बाहेर यावंच लागतं. थंड रक्ताच्या प्राण्याला दुसरी शेगडी नाही.

मग आईची बैठक झाली. म्हणजे आईनं आमची घेतली.

तिनं वर्तमानपत्रातलं एक कात्रण जपून ठेवलं होतं. २०२५च्या ऑक्टोबरअखेरीस याच भागात कौडियाला नदीत गावकऱ्यांची नाव उलटली होती. ती माणसं भरथापूरची, म्हणजे त्या दोन नद्यांच्या मधल्या गावची. बाजारहाट करून घरी परतणाऱ्यांत बायामुलं होती. काही वाचली, काही गेली. त्यानंतर राज्य सरकारनं अख्खं गाव नदीच्या अलीकडे वसवायचं जाहीर केलं.

‘‘तुम्ही मला त्याच नदीत होडीत बसवणार?’’ आईनं विचारलं.

या प्रश्नाला ‘काही होत नाही गं’ हे उत्तर नव्हे. आम्ही तिला नकाशावर दाखवलं, की पर्यटकांची बोट गेरुवेत फिरते, अपघात झाला तो दुसऱ्या फाट्यात. बोट वन खात्याच्या विश्रामगृहापाशी सुटते. तिथं लाइफ जॅकेट मागून घ्यायचं, नसेल तर बसायचं नाही, हे मी लिहून दिलं. अक्षरशः, वहीच्या पानावर. आई म्हणाली, ‘‘येईन. पण होडीत बसेन की नाही ते काठावर गेल्यावर सांगेन.’’ भाच्याचा चेहरा पडला. पण तिचा हा हक्क आहे, असं भावोजींनी त्याला बजावलं, आणि ते मला फार आवडलं. सहलीच्या उत्साहात आपण म्हाताऱ्या माणसांना गृहीत धरतो आणि मग ऐनवेळी काठावर रुसवेफुगवे होतात.

शिदोरी आणि कागदपत्रं

बरोबर काय घ्यायचं, यावर ताई आणि माझी बायको यांच्यात दोन दिवस खल झाला. तिथं बाजार नाही. विश्रामगृहात सांगितलं तर डाळ-भात-भाजी मिळते, पण शिधा आपण नेलेला बरा. मेथीचे धपाटे, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, गूळपोळ्या आणि आईसाठी भाजलेले चणे व बिस्किटं, कारण साखर अचानक उतरली तर हाताशी काहीतरी हवं. इन्सुलिनसाठी रुंद तोंडाचा थर्मास. विजेचा भरवसा नसल्यामुळे फ्रिजवर विसंबायचं नाही, हे डॉक्टरांनीच सांगितलं. इन्सुलिन बर्फाला टेकू द्यायचं नाही, फक्त गार ठेवायचं, हीही सूचना. मोठं रुग्णालय म्हणजे बहराइच, सुमारे शंभर किलोमीटर मागं. म्हणून नेहमीची औषधं दुप्पट घेतली आणि निम्मी माझ्या, निम्मी ताईच्या पिशवीत ठेवली. डासांचं मलम आणि मच्छरदाणी विसरून चालणार नाही. एके काळी तराईचं नाव काढलं की हिवतापच आठवायचा. गडद किंवा मातकट रंगाचे कपडे, पहाटेसाठी स्वेटर आणि कानटोपी. आणि प्रत्येकाचं ओळखपत्र, कारण सीमेजवळ सशस्त्र सीमा बलाचे जवान गाडी थांबवून विचारपूस करतात. मोबाइलची रेंज येते-जाते, म्हणून लखनौतल्या शेजाऱ्यांकडे आमचा बेत लिहून ठेवला होता.

मुंबईकरांसाठी सांगायचं तर पुष्पक एक्स्प्रेस थेट लखनौला आणते. तिथून पुढं आगगाडीची हौस असेल तर मैलानी ते नानपारा ही जुनी मीटर गेज लाइन आहे. ती दुधवा आणि कतर्नियाघाट या दोन्ही जंगलांतून, सालवृक्षांच्या मधून हळूहळू जाते, आणि बिछिया हे स्टेशन कतर्नियाघाटाला जवळचं. अलीकडे पर्यटकांसाठी तिच्यावर मोठ्या काचांचा डबाही चालवण्यात आला आहे. वेळापत्रक मात्र आधी विचारून घ्यावं. आम्ही आईमुळे मोटारच पसंत केली. लखनौ, बाराबंकी, बहराइच, नानपारा, मिहींपुरवा, बिछिया असा दोनशे किलोमीटरचा रस्ता. चहापाण्यासकट सहा तास लागले.

पूल ओलांडताना

बाराबंकीनंतर एक लांबलचक पूल लागला. खाली पसरट पात्र, मध्ये वाळू, कडेला कलिंगडांच्या वाड्या घालण्याची लगबग. ‘‘ही घाघरा,’’ भावोजी म्हणाले. ‘‘आपण जिच्या माहेरी चाललोय ती. हीच पुढं अयोध्येला जाते. तिथं तिला शरयू म्हणतात.’’

आई मागच्या सीटवर डोळे मिटून बसली होती. ती ताठ बसली. अयोध्येला ती वडिलांबरोबर गेली होती, ते असताना. शरयूच्या घाटावर दोघांनी स्नान केलं होतं, आणि तिथून आणलेला पाण्याचा गडू अजून आमच्या देवघरात आहे. ‘‘ही शरयू?’’ तिनं पुन्हा विचारलं आणि पूल संपेपर्यंत खिडकीतून बघत राहिली. पुढं ती कुणाशी फारसं बोलली नाही.

मिहींपुरवा सोडल्यावर जंगल सुरू झालं. सालाची उंच सरळ झाडं, मध्येच सागाची लागवड आणि ओलसर जागी वेताची जाळी. हा वेत इथलं वैशिष्ट्य. वाघाला लपायला त्यासारखी दुसरी जागा नाही, असं वनरक्षकानं सांगितलं. पलीकडे नेपाळातलं बर्दिया राष्ट्रीय उद्यान आणि अलीकडे कतर्नियाघाट, यांच्यामध्ये खाता नावाचा जंगलाचा पट्टा आहे. त्यातून हत्ती, गेंडे, वाघ पासपोर्टाशिवाय ये-जा करतात. आम्हाला वाघ दिसला नाही. चितळ दिसले, माकडं दिसली आणि रस्त्यावर हत्तीची ताजी लीद दिसली. तिचं महत्त्व भाच्याला वाघापेक्षा जास्त वाटलं. त्याच हत्तींनी कडेच्या शेतातला गहू तुडवला होता. मचाणावर बसून रात्र जागवणारा एक शेतकरी आम्हाला म्हणाला, ‘‘साहब, आप देखने आते हो, हम भगाने बैठते हैं.’’ बिबट्यांच्या भीतीनं संध्याकाळी मुलांना घरातच ठेवतात, हेही त्याच्याच तोंडून कळलं.

काठावर

विश्रामगृह गेरुवेच्या अगदी काठावर आहे. सकाळी सात वाजता नदीवर वाफ तरंगत होती. पाणी निळसर, स्वच्छ. हिमालयातून उतरलेली नदी ती, आपल्या काळ्या कातळातल्या नद्यांसारखी तिची चाल नाही. नावाडी उतारवयाचा होता. त्यानं न सांगता सगळ्यांपुढं लाइफ जॅकेट ठेवली. माझं वहीचं पान वाया गेलं.

आई काठावर उभी राहिली. आम्ही कुणी काही बोललो नाही. तिनं वाकून ओंजळभर पाणी घेतलं, डोळ्यांना लावलं, नावाड्याला म्हणाली, ‘‘भैया, ये सरयू है ना?’’ तो म्हणाला, ‘‘माताजी, यहाँ गेरुवा, आगे सरयू. पानी एकै है.’’ मग तिनं साडी खोचली, भावोजींचा हात धरला आणि होडीत पाय टाकला.

पहिली सुसर दहाव्या मिनिटाला दिसली. वाळूवर ओंडका पडलाय असं वाटलं आणि ओंडक्यानं तोंड उघडलं. मग एकामागून एक. एका बेटावर अकरा मोजल्या, भाच्यानं तेरा मोजल्या. मोठ्या नराच्या नाकावर मडक्यासारखा गोळा असतो. त्या घड्यावरूनच घडियाल हे नाव पडलं. श्वास सोडताना त्यातून गुरगुरल्यासारखा आवाज निघतो. पुढच्या काठावर रुंद तोंडाची मगरही होती. नावाड्यानं दोघींतला फरक एका वाक्यात सांगितला. घडियाल मासे खाते, तिच्या चिमट्यात माणूस मावत नाही. मगरीचं मात्र सांगता येत नाही, म्हणून हात बाहेर काढायचा नाही.

बेटावर उतरायला परवानगी नाही. भाचा हिरमुसला, पण कारण समोरच दिसत होतं. नावाड्यानं एका उंचवट्याकडे बोट दाखवलं. पूर्वी ती सगळी उघडी वाळू होती, आता तिच्यावर गवत आणि झुडपं माजली होती. गेल्या दीड दशकात कर्णालीचं पुष्कळसं पाणी कौडियालाच्या बाजूला वळलं आणि गेरुवेत कमी झालं. पुराचं पाणी बेटं धुऊन काढेनासं झालं, म्हणून गवत माजलं. सुसरीला अंडी घालायला मोकळी, सैल वाळू लागते. मुळांच्या जाळ्यात ती खड्डा करू शकत नाही. म्हणून वन खात्यानं आणि अभ्यासकांनी काही ठिकाणी गवत काढून जागा मोकळ्या करून दिल्या. चंबळनंतर सुसरींच्या विणीची महत्त्वाची जागा ही. एक नदी नुसती कूस बदलते आणि कुकरैलच्या हौदात केलेल्या इतक्या वर्षांच्या कामाचं काय होणार, हा प्रश्न उभा राहतो. कौडियालाच्या काठी राहणाऱ्या माणसांच्या दारातही तेच वाढलेलं पाणी. भरथापूरला कुणी नातेवाईक आहेत का, असं मी नावाड्याला विचारलं. ‘‘हैं,’’ म्हणाला, आणि वल्हं मारत राहिला. मी पुढं विचारलं नाही.

परतताना तो एकदम थांबला. ‘‘सूंस!’’

आई दचकली. ‘‘कुठं आहे सुसर?’’

सूंस म्हणजे गंगेतला डॉल्फिन, सुसरीशी त्याचा संबंध नाही. पण मराठी कानाला फसवणारा शब्द खरा. २००९ मध्ये याला राष्ट्रीय जलचर म्हणून जाहीर केलं. जवळजवळ आंधळा असलेला हा प्राणी आवाजाच्या प्रतिध्वनीवरून वाट काढतो आणि श्वास घ्यायला दर थोड्या वेळानं वर येतो. राखाडी पाठ पाण्यावर आली, फुस्स आवाज झाला आणि गेली. फोटो कुणालाच मिळाला नाही. दुसऱ्यांदा कुठं वर येईल यावर सगळ्यांनी वेगवेगळ्या दिशांना बोटं दाखवली. ती तिसरीकडेच आली, आणि सगळ्यांच्या आधी ती आईनं पाहिली.

लखनौला परतलो तेव्हा रात्रीचे नऊ वाजले होते. दुसऱ्या दिवशी ताईच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर भाच्यानं जूनच्या पानावर ‘कुकरैल, पिल्लं’ असं लिहून ठेवलेलं दिसलं. त्याच्या खाली आईच्या अक्षरात एक ओळ होती, ‘पुष्पकचं तिकीट, मी धरून’.